खालचं वर

बोअरची गाडी आमच्या रानात आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सासवडच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, म्हणून शेवटी बोअर घ्यायचं ठरलं. गाडी तामिळनाडूची, पोरंही तिकडचीच. कॉम्प्रेसर सुरू झाला तशी घरातली भांडी थरथरायला लागली आणि पांढरट धुरळा लिंबावर, पाण्याच्या हंड्यावर, माझ्या केसांत जाऊन बसला. या गदारोळात आप्पा ओट्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसले होते. आप्पांनी उभा जन्म विहिरी फोडण्यात घालवला. घण, पहार, सुरुंग, यारी, सगळं झालं. आता गुडघे साथ देत नाहीत. वीस फुटांचा एक रॉड संपून दुसरा चढवायच्या आत ते एका पोराला हाताने खूण करायचे. पोरगा उडत्या चुऱ्यात फावडं धरायचा आणि आप्पा त्यातला मूठभर चुरा घेऊन ओट्यावर ठेवायचे. आधीच्या मुठीच्या उजवीकडे, चार बोटं जागा सोडून. पहाटेपर्यंत ओट्यावर आठ-नऊ लहान ढीग झाले. पहिला पिवळसर, मग राखाडी, मग काळा, काळा, काळा, आणि सातव्या रॉडच्या शेवटाला एकदम विटकरी. तो चुरा त्यांनी चिमटीत धरून जिभेला लावला. "गेरू. चिकटतोय बघ. आता पाणी लांब नाही." पुढच्याच रॉडला पाणी लागलं.

सकाळी नारळ फोडायचा होता, आई येणार होती. मी ओटा झाडून घेतला. ते ढीगही केरसुणीने एकत्र केले, सुपात भरले आणि फाटकाजवळच्या खड्ड्यात ओतले. चहाला आप्पा आले. ओट्याकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं. म्हणाले, "आता खालचं वर झालं, ताई." आवाजात राग नव्हता. चहा पिऊन ते निघून गेले.

ते वाक्य मात्र माझ्यापाशीच राहिलं.

सगळा चुरा खड्ड्यातच होता. चिमूटभरसुद्धा वाया गेला नव्हता. गेली होती ती फक्त ओळ. ओळ गेल्यावर त्या चुऱ्यातून कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो आता नुसता खड्ड्यातला भराव होता. मला दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज मोजणीदार विल्यम स्मिथ आठवला. काही वर्षांपूर्वी बहिणीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा एक दिवस काढून मी लंडनमधल्या बर्लिंग्टन हाऊसमध्ये गेले, फक्त त्याचा नकाशा बघायला. पिकॅडिलीच्या गर्दीतून आत वळलं की जिऑलॉजिकल सोसायटीचं दार लागतं, आणि आत भिंतीवर पडद्याआड तो नकाशा आहे. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून पडदा. तो बाजूला झाला आणि मी मान वर करून बघतच राहिले. आठ फुटांहून उंच, सहा फूट रुंद. १८१५ साली छापलेला, इंग्लंड-वेल्सचा आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा नकाशा. पण तो गावांचा किंवा रस्त्यांचा नव्हता, जमिनीखालच्या दगडांचा होता. खडूच्या दगडाला फिकट हिरवा, चुनखडीला पिवळा, तांबड्या मातकट खडकाला विटकरी, कोळशाला काळा. प्रत्येक रंग एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेकडे विरत गेलेला. त्या गडद रेघेवर थराचा तळ जमिनीवर उघडा पडतो, आणि तिथून तो पुढच्या थराखाली सरकत जातो. सपाट कागदावर खोली दाखवायची ही युक्ती त्याची स्वतःची. छापील रेघांवर हे रंग प्रत्येक प्रतीत ब्रशने, हाताने भरलेले आहेत. अशा सुमारे चारशे प्रती निघाल्या.

एवढ्या मोठ्या देशाचा एवढा तपशीलवार भूशास्त्रीय नकाशा त्याआधी जगात कुणी केला नव्हता, आणि हा एका माणसाने केला. त्यामागे सरकारी खातं नव्हतं की विद्यापीठ नव्हतं. चर्चिल नावाच्या खेड्यातल्या लोहाराचा हा मुलगा. जन्म १७६९ चा. आठ वर्षांचा असताना बाप गेला, मग शेतकरी काकाकडे वाढला. ऑक्सफर्डशायरच्या त्या गावात नांगरटीत गोल, वजनदार, वर पाच पाकळ्यांची नक्षी असलेले दगड निघायचे. गोठ्यातल्या बाया लोणी तोलायला वजन म्हणून ते वापरायच्या, म्हणून त्यांना पाउंडस्टोन म्हणत. खरं तर ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्यांचे जीवाश्म. आणि शिंपल्यासारखे दुसरे छोटे जीवाश्म असायचे, ते गोट्या म्हणून पोरं खेळायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमचे सागरगोट्यांचे डाव आठवले. सागरगोटे नसले की आम्ही ओढ्यातल्या गारगोट्या वेचायचो, पांढऱ्या, एका अंगाला खरबरीत. त्या दगडात बसल्या कशा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याला पडला असावा. निदान तो ते दगड विसरला नाही.

अठराव्या वर्षी तो एका मोजणीदाराच्या हाताखाली लागला. साखळी ओढायची, रानं मोजायची, वह्या भरायच्या. त्या कामानिमित्त १७९१ मध्ये सॉमरसेटला आला आणि तिथे हाय लिटलटन गावाजवळच्या मर्न्स पिट नावाच्या कोळशाच्या खाणीत उतरायला लागला. माझ्या मते त्याची शाळा ही. खाणकऱ्यांना थरांचा क्रम तोंडपाठ होता. कोळशाच्या कुठल्या पट्ट्यावर कुठला दगड, त्यावर काय, त्याखाली काय, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं, कारण चुकलं तर पोटावर पाय येणार. पण वरच्या तांबड्या जमिनीविषयी विचारलं की ते म्हणत, तिथं काही नेम नाही. स्मिथला हे पटेना. खाली एवढी शिस्त आणि वर नाही, असं कसं? मग कोळसा वाहून न्यायला कालवा काढायचं ठरलं, त्याच्या मोजणीचं काम त्याच्याकडे आलं. एकमेकांना जवळजवळ समांतर अशा दोन दऱ्यांमधून कालव्याचे दोन फाटे निघायचे होते. दोन्हीकडे जमीन कापली जाऊ लागली आणि दोन्हीकडे तेच थर त्याच क्रमाने, पूर्वेला किंचित कलते, दिसायला लागले. लोणी लावलेल्या पावाची कापं एकावर एक तिरकी ठेवावीत तसे, ही त्याचीच उपमा. आपल्याकडे पोळ्यांची चवड म्हणता येईल, एका अंगाला कललेली.

पण दगड दगडासारखा दिसतो. तशीच निळसर चिकणमाती वरही असते आणि शंभर फूट खालीही. यातली कुठली कुठली, हे ओळखायचं कसं? उत्तर त्याला जीवाश्मांत सापडलं. प्रत्येक थराचे आपले असे जीवाश्म असतात, आणि ते वरच्या-खालच्या थरांत मिळत नाहीत. मातीने फसवलं तरी तिच्यातला शिंपला फसवत नाही. १७९६ च्या जानेवारीत, डंकर्टन गावच्या स्वान नावाच्या खाणावळीत मुक्कामाला असताना त्याने एका कागदावर हे टिपून ठेवलं. निसर्गाने या वस्तू किती अद्भुत क्रमाने लावून ठेवल्यात आणि प्रत्येक जात आपल्या विशिष्ट थरात कशी ठेवली आहे, अशा अर्थाचं ते टिपण आहे. मला त्यातला 'क्रम' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. जीवाश्म गोळा करणारे तेव्हा गावोगावी होते. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात काचेची कपाटं. त्यात जीवाश्म रंगाने, आकाराने, देखणेपणाने मांडलेले असायचे. बाथजवळचे बेंजामिन रिचर्डसन नावाचे पाद्री असेच संग्राहक. स्मिथ त्यांच्याकडे गेला आणि त्यांचा सगळा संग्रह काढून नव्याने लावायला बसला. हा या थरातला, हा त्याच्यावरचा, हा त्याच्याही वरचा. रिचर्डसन थक्क होऊन बघत राहिले. दगड सगळे त्यांचेच होते, वर्षानुवर्षं हाताळलेले. पण ते असे बोलतात हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे १७९९ मध्ये बाथला जोसेफ टाउनसेंड या मित्राच्या घरी स्मिथ तोंडाने सांगत गेला आणि रिचर्डसन लिहीत गेले. वर खडूचा दगड, तळाशी कोळसा, असे तेवीस थर. त्या यादीच्या हातांनी नकला झाल्या आणि त्या चहूकडे गेल्या. त्याने कुणाला नाही म्हटलं नाही.

या उदारपणाचं मला कौतुक वाटतं आणि जीवही तुटतो. कारण त्याच साली कालव्याच्या कंपनीने त्याला कामावरून काढलं. आता मिळेल ते काम. कुणाची पाणथळ जमीन सुकवायची, कुणाला कोळशासाठी कुठे खणायचं ते सांगायचं, कुणाच्या रानात पाणी खेळवायचं. १८१० मध्ये बाथचे गरम पाण्याचे झरे आटले, तेव्हा त्यालाच बोलावलं आणि त्याने पाणी परत आणलं. अशा कामांसाठी तो वर्षाला हजारो मैल हिंडायचा, बहुतेक घोडागाडीच्या टपावर बसून, कारण तिथून दोन्ही बाजूंच्या टेकड्यांचे उतार दिसतात. मिळालेला पैसा नकाशावर घालायचा. नकाशाची जाहिरात त्याने १८०१ मध्ये केली आणि नकाशा आला १८१५ मध्ये. मधली चौदा वर्षं ही अशी गेली. व्यवहार त्याला जमत नव्हता हे कबूल केलं पाहिजे. बाथजवळ दगडाची खाण घेतली, ती तोट्यात गेली. देशाच्या पोटातला दगड ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या खाणीतल्या दगडाने दगा दिला. आणि मेरी ॲन, त्याची बायको. लग्न झालं तेव्हा ती अगदी कोवळी होती, पुढे तिचं मन ताळ्यावर राहिलं नाही. त्याच्या माघारी तिचे शेवटचे दिवस यॉर्कच्या मनोरुग्णालयात गेले. त्याच्या चरित्रात ती इतकी थोडी दिसते की वाचताना मी दरवेळी तिच्यापाशी थांबते. नवरा गाडीच्या टपावर, आणि ती कर्जात बुडत चाललेल्या घरात.

लंडनमधल्या त्या घरात जीवाश्मांसाठी त्याने उतरत्या फळ्या करून घेतल्या होत्या. जसे थर जमिनीत कललेले, तशाच कललेल्या फळ्या, आणि प्रत्येक फळीवर त्या थराचे जीवाश्म. नव्याने निघालेल्या जिऑलॉजिकल सोसायटीची मंडळी १८०८ मध्ये ते बघायला आली. त्यांच्यात जॉर्ज ग्रीनो होता, श्रीमंत, शिकलेला, सोसायटीचा अध्यक्ष. त्यांनी बघितलं, आणि फारसं मनावर न घेता गेले. स्मिथला सोसायटीत कुणी बोलावलं नाही. पुढे सोसायटीने स्वतःचा नकाशा केला, ग्रीनोच्या नावाने. स्मिथच्या नकाशाच्या आधाराने केलेला, पण स्मिथचं नाव नसलेला, आणि किमतीला स्वस्त. स्मिथने म्हणून ठेवलंय की भूशास्त्राचा सिद्धान्त एका वर्गाच्या हातात आहे आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याच वर्गाच्या. दोन वाक्यांत मावणारी ही तक्रार तो जन्मभर अंगावर वागवत होता.

कर्ज फेडायला त्याने जीवाश्मांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकला. सातशे पौंड मिळाले. फळ्यांवरून उतरवून, पेट्यांत भरून तो गेला. हे वाचताना मला आता आमचा ओटा दिसतो, सूप दिसतं. पैसे पुरले नाहीत ते नाहीतच. १८१९ च्या जूनमध्ये त्याला कर्जबुडव्यांच्या किंग्ज बेंच तुरुंगात टाकलं. ३१ ऑगस्टला सुटून घरी आला, तर घर जप्त झालेलं. त्याने बायकोला आणि पोरक्या भाच्याला घेतलं आणि उत्तरेची वाट धरली. लंडन सुटलं.

यानंतरची काही वर्षं तो यॉर्कशायरकडे मोजणीची कामं करत राहिला, आणि मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग तिथला आहे. स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात १८२९ मध्ये एक संग्रहालय उभं राहिलं, गोल इमारतीचं. कल्पना त्याची. भिंत गोल, कपाटं गोल, आणि जीवाश्म थरांच्या क्रमाने. सगळ्यात जुने खाली, नवे वर. घुमटाखाली चहूबाजूंनी यॉर्कशायरच्या किनाऱ्याचा उभा छेद रंगवलेला. सर्वस्व गेलेल्या माणसाला पुन्हा काहीतरी मांडायची संधी मिळाली, तर त्याने तीच ओळ पुन्हा लावली. घुमटाखालच्या छेदाचं रेखाटन केलं त्याच भाच्याने, जॉन फिलिप्सने. त्याने मामासोबत पायी हिंडून थर शिकले आणि पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. पृथ्वीच्या इतिहासाचे पुराजीव, मध्यजीव, नवजीव असे कालखंड आज शाळेच्या पुस्तकात आहेत ना, ती वाटणी जीवाश्मांवरून पक्की केली ती याने, १८४१ मध्ये. १८३१ मध्ये सोसायटीने आपलं पहिलं वोलॅस्टन पदक स्मिथला दिलं आणि अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी त्याला इंग्लिश भूशास्त्राचा जनक म्हटलं. ग्रीनोच्या नकाशावर स्मिथचं ऋण छापून यायला मात्र १८६५ साल उजाडलं. तोवर त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. आज सोसायटीत दोघांचे नकाशे शेजारी-शेजारी टांगलेत. मी दोन्ही बघितले. ग्रीनोचाही नकाशा चांगला आहे, हे लिहिलं पाहिजे. पण माझे पाय स्मिथच्याच पुढे खिळले.

एक गोष्ट त्याने फार मोलाची केली. थरांना नावं देताना तो लॅटिन-ग्रीकच्या मागे लागला नाही. खाणकरी, पाथरवट, शेतकरी जे म्हणत तेच त्याने लिहिलं. दगड काढणाऱ्यांच्या बोलीतला 'लायस' तसाच नकाशावर आला. भुसभुशीत, धान्याला मानवणारी जमीन म्हणून शेतकरी 'कॉर्नब्रॅश' म्हणायचे, तोही आला. हे शब्द आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. खाणीत त्याला क्रम सांगणाऱ्यांची नावं नकाशावर नाहीत, पण त्यांच्या तोंडचे शब्द आहेत. आपल्या मुरमाचंही असंच झालंय. सरकारी टेंडरातसुद्धा इंग्रजीत 'मुरूम' असाच लिहितात. 'मांजऱ्या'चं नशीब तेवढं नाही. मुरमाखालचा, पहारीला दाद देणारा पण हाताने न फुटणारा तो करडा दगड. आप्पा तो नुसत्या पहारीच्या आवाजावरून सांगायचे.

स्मिथची रीत मात्र आमच्या रानात चालली नसती. सह्याद्री म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. वाहत्या लाव्हात कुठला शिंपला तग धरणार! दोन लाव्हांच्या मधल्या गाळात कुठे कुठे जीवाश्म मिळतात, पण घाटातल्या कातळात ते नाहीत. काळ्यावर काळा, त्यावर पुन्हा काळा. इथले थर वेगळे काढायला संशोधकांना दगडांचं रासायनिक पृथक्करण करावं लागलं, आणि काही ठिकाणी मोठमोठ्या पांढऱ्या स्फटिकांचा एखादा खास थर खुणेचा म्हणून धरावा लागला. त्यातून जी यादी झाली ती मी एकदा मोठ्याने वाचली. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या पाट्या वाचाव्यात तसं वाटलं. आणि दोन लाव्हांच्या मध्ये, एक थंड होऊन दुसरा यायच्या आधी जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून माती झाली. पुढच्या लाव्हाने ती भाजली. तोच तो विटकरी पट्टा, घाटात रस्त्याच्या कडेला कापलेल्या डोंगरात दिसतो तो. आप्पांचा गेरू. त्याच्या लगेच खाली जुन्या लाव्हाचा जाळीदार, भोकाभोकांचा माथा असतो आणि त्यात पाणी मुरतं. जिभेला चिकटतोय का ते बघायचं, यामागे एवढं सगळं होतं.

पावसाळ्यानंतर शेजारच्या नानांनी बोअर घेतलं. त्यांचं रान आमच्याहून उताराला आहे. मी संध्याकाळीच आप्पांना घेऊन गेले. बरोबर एक लांब फळी नेली होती, तिच्यावर पेन्सिलीने चौकोन आखून. आप्पांनी ती बघितली, काही बोलले नाहीत, फक्त तिचं एक टोक फिरवून आपल्या डाव्या हाताला घेतलं. मग बांधावर उभं राहून आमच्या ओट्याकडे आणि मशीन लावलेल्या जागेकडे आलटून पालटून बघत राहिले. "तुमच्यापेक्षा तीन-चार परस खाली आहे हे. तुमचा गेरू सातव्याच्या शेवटाला होता. इथं सहाव्याला यायला पाहिजे." परस म्हणजे पुरुषभर उंची. माझ्याकडे पडताळायला काहीच नव्हतं. आमची ओळ त्यांच्या डोक्यात तेवढी होती.

रात्री दहाला काम सुरू झालं. पिवळा, राखाडी, काळा. मी मूठ मूठ चुरा चौकोनात ठेवत गेले, आप्पा एखादा ढीग बोटाने सारखा करत राहिले. पाचवा रॉड संपला, काळाच. सहावा अर्धा गेला, काळाच. नानांनी चहा आणला. आप्पांनी कप घेतला आणि तोंडाला न लावता तसाच धरून ठेवला. मशीनचा आवाज जरा मऊ झाला. दिव्याच्या उजेडात धुरळा आधी तपकिरी वाटला, मग पोरगा फावडं घेऊन आला तेव्हा त्यावरचा चुरा विटकरी होता. आप्पांनी त्यातली चिमूट माझ्या हातावर ठेवली.

"लाव जिभेला."

गरम होता, बारीक, मातीच्या नव्या मडक्यासारख्या वासाचा. चिकटला.